वाटेत असणं

सिग्नल हिरवा झाला तरी रेश्माची स्कूटी जागची हलली नाही. बारामतीच्या भिगवण चौकात कामावरून सुटलेल्यांची गर्दी होती. मागं उसाची रिकामी ट्रॉली, तिच्यामागं कारखान्याची बस, आणि सगळ्यांनी एकदमच हॉर्न दाबले. "ओ ताई, चला की! का हितंच मुक्काम?" ट्रॅक्टरवरनं कुणीतरी ओरडलं. रेश्माला ते ऐकू आलं, पण आपल्याला उद्देशून आलं असं वाटलं नाही. समोरचा हिरवा दिवा ती बघत होती. दिवा चांगलाच हिरवा होता, नुकत्याच फुटलेल्या उसाच्या कोंभासारखा, आणि त्याच्याकडं बघताना तिला बरंही वाटत होतं. फक्त मूठ पिळायची असते हे तिच्या मनगटाला कुणी सांगितलेलं नव्हतं. मग दिवा पुन्हा लाल झाला, ट्रॉलीवाल्यानं कपाळावर हात मारला, आणि रेश्मा एकदम भानावर येऊन ओशाळली. मागं वळून तिनं हात जोडले. तो माणूस हसला. तीही हसली. शिलाईच्या कारखान्यात दिवसभर शर्टांच्या कॉलरी तपासून बोटांना कांजीचा खरखरीतपणा आला होता. तीच बोटं पर्समधल्या मोबाइलवर जाऊन आली, जणू आतला आवाज अजून गरम आहे का ते बघायला. कारखान्याच्या गेटवरच तिनं तो निरोप ऐकला होता. लासुर्ण्याहून आक्काबाईंचा. आक्काबाई म्हणजे तिच्या सासूची धाकटी बहीण. त्यांना मोबाइलशी बोलताना तो लांब आहे असं वाटे, म्हणून त्या ओरडत. "रेश्मा, सिद्धू आलाय गं! मस्कत सोडून आलाय. आता माघारी जायाचा न्हाय म्हनतोय. ऐतवारी ये. बोलाय पायजे."

सिद्धू म्हणजे तिचा नवरा. हा शब्द तिनं मनात पुन्हा एकदा उच्चारून पाहिला, कपाटातली ठेवणीतली साडी अंगाला लावून बघावी तसा. साडी शाबूत होती. फक्त घडीवर विरली होती.

कालव्याच्या कडेला तिसऱ्या मजल्यावर तिचं दोन खोल्यांचं घर होतं. जिना चढतानाच तिला लेकीचा आवाज ऐकू आला. संस्कृती जहाजावरची पहिली उमेदवारी संपवून आली होती आणि पुढच्या आठवड्यात मुंबईला तिची तोंडी परीक्षा होती. ती पास झाली की जहाजावर अधिकारी म्हणून उभं राहता येणार होतं. त्यामुळं ती दिवसभर स्वयंपाकघर ते गॅलरी अशा फेऱ्या घालत समुद्रातले नियम मोठ्यानं म्हणत असे. आधी इंग्रजीत, मग स्वतःला नीट कळावं म्हणून मराठीत. रेश्माला इंग्रजी जेमतेम यायचं, पण ऐकून ऐकून तिला ते नियम जात्यावरच्या ओव्यांसारखे पाठ होत चालले होते. कोणत्या जहाजानं कुणाला वाट द्यायची, उजव्या अंगाला कोणता दिवा, धुकं पडलं की किती भोंगे. तिनं हातपाय धुतले, मेथीची जुडी घेऊन जमिनीवर बसली आणि पानं खुडू लागली. काही सांगायचं होतं ते तिनं तोंडातच ठेवलं. चांगली खडीसाखर चघळावी तसं तिला ते अजून थोडा वेळ ठेवायचं होतं. का, ते तिलाही नीट समजत नव्हतं.

"काल तू येक भोंगा म्हनली हुतीस," ती मधेच म्हणाली.

संस्कृती थबकली. "कशाला?"

"धुक्यात उभ्या ऱ्हायलेल्या जहाजाला. आज दोन म्हनतीयास."

"अगं, काल चुकले मी! मग कालच का नाही बोललीस?"

"मला काय ठावं, कुठलं खरं!"

संस्कृती हसत तिच्यासमोर मांडी घालून बसली आणि तीही मेथी खुडू लागली, देठासकट, जशी ती लहानपणापासून चुकीची खुडायची. "हे बघ आई, परीक्षक हमखास इथंच पकडतात. दोन शब्द आहेत. अंडरवे आणि मेकिंग वे. सगळ्यांना वाटतं दोन्हीचा अर्थ एकच, चालू जहाज. तसं नाही. नांगर टाकलेला नाही, धक्क्याला बांधलेलं नाही, आणि तळाला रुतलेलंही नाही, असं जहाज म्हणजे अंडरवे."

नांगर म्हटलं की रेश्माला शेतच दिसे. समुद्र नांगरणारी बैलजोडी क्षणभर तिच्या डोळ्यांपुढून गेली. "आन ते उभं असंल तर?"

"तरी अंडरवे."

"इंजिन बंद करून?"

"तरीसुद्धा."

"पान्यावर नुसतं उभं हाय, कुठं म्हंता कुठं जात न्हाय, तरीबी?"

"तरीही ते वाटेत आहे. बांधलेलं नाही ना! आणि मेकिंग वे म्हणजे पाणी कापत पुढं चाललेलं. एक वाटेत असणं, एक वाट कापणं. म्हणून धुक्यात भोंगे वेगळे. चालणाऱ्याचा एक लांब. उभ्याचे दोन लांब." आणि तिनं दोन्ही हात तोंडाभोवती धरून असा काही भोंगा काढला की खालच्या मजल्यावरून आवाज आला, "काय गं, कुकर बिघडला का?" दोघी पोट धरून हसल्या.

"आन वाट बघनं?" हसू ओसरता ओसरता रेश्मा विचारून गेली. "ते कशात येतं?"

"ते नियमात नाही," संस्कृती म्हणाली.

मग रेश्मानं सांगितलं. "तुझं पप्पा आल्यात. लासुर्ण्याला. ऐतवारी बोलावलंय मला." संस्कृतीच्या हातातली काडी जरा वेळ हातातच राहिली. ती शाळेत असताना बाप परदेशी गेला होता. तिच्या लेखी तो फोनमधला एक मनुष्य होता, आधी रोजचा, मग सणासुदीचा, मग कधीतरीचा. मस्कतला त्याचं दुसरं बिऱ्हाड झालंय हे गावानं दोघींना वेगवेगळं सांगितलं होतं, आणि दोघींनी ते एकमेकींपासून बरेच दिवस लपवलं होतं. "मी येऊ का?" तिनं विचारलं. रेश्मानं नको म्हणून मान हलवली. "बरं. तू ठरव आई. मी दोघांचीही वकील नाही." आणि जरा थांबून, "पण तू गेलीस ना राहायला, तर मेथी कोण खुडणार?" ती हे हसत म्हणाली, पण उठताना तिनं आईच्या खांद्यावर उगाच हात टेकला, आधाराला टेकतात तसा नाही.

त्या रात्री रेश्माला छान झोप लागली आणि याचंच तिला सकाळी नवल वाटलं. कारखान्यात कॉलरीमागून कॉलरी तिच्या हाताखालून जात राहिल्या, वाफेच्या इस्त्रीचा ओला वास दरवळत राहिला, आणि तिच्या मनात एक जहाज आलं. ते संस्कृतीचं नव्हतं. ते तिचं स्वतःचं होतं, फार जुनं. तिचे वडील गेणबा शेळगावचे. त्यांची मेंढरं होती, आणि दिवाळी झाली की सगळा वाडा, म्हणजे माणसं, मेंढरं, घोड्यांवर लादलेली भांडी आणि कोंबड्या, घाट उतरून कोकणात जायचा. एका वर्षी चरत चरत ते अशा टेकडीवर पोचले की पलीकडं जमीनच नव्हती. पोरगी रेश्मा आबांच्या घोंगडीचं टोक धरून उभी. समोर येवढं पाणी की डोळ्यात मावेना, आणि त्यावर एक काळं बोट ठेवल्यासारखं जहाज. ती किती तरी वेळ बघत होती. ते हलत नव्हतं. "आबा, ती नाव उबी हाय का चाललीया?" तिनं विचारलं. आबांनी डोळ्यांवर तळहात धरला, नीट न्याहाळलं, मेंढरांकडं बघावं तशा जबाबदारीनं बघितलं, आणि म्हणाले, "तिचं तिला ठावं." मग त्यांनी मेंढरं वळवली. दुपारच्या वेळी मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून उभी राहत, तासन्‌तास, कुणी हाकललं तरी हलत नसत. नव्या माणसाला वाटे कळप दमला, इथंच बसणार. आबा निवांत चिलीम भरत. त्या उभं राहण्याची त्यांना कधी काळजी वाटली नाही. आता हे सगळं आठवताना रेश्माला वाटलं, आपल्याला जगण्यात जे जे बरं म्हणून आठवतं, त्यात बहुतेक वेळा आपण कुठंच जात नव्हतो.

पण लोकांनी तिला दुसराच शब्द दिला होता. सिद्धू मस्कतच्या बंदरात क्रेन चालवायला गेला, त्याचे फोन विरळ झाले, तेव्हापासून लासुर्ण्यात तिची ओळखच तशी करून दिली जायची. ही साखरबाईची सून, नवऱ्याची वाट बघतीया. शब्द चांगला होता. त्यात अब्रू होती, आणि बायका त्या शब्दापाशी आवाज मऊ करत. रेश्मानंही तो घेतला, अंगावर घातला, आणि बरीच वर्षं तो तिला बेतशीर बसला. सासू साखरबाई अंथरुणाला खिळली तेव्हा ती तिच्याजवळ राहिली; लोक म्हणाले, वाट बघतीया म्हणून करतीया. खरं तर तिला साखरबाईचा लळा होता. म्हातारी विनोदी होती. अंघोळ घालताना म्हणायची, "माझ्या पोरानं माझ्यासाठी एवढी येकच चांगली वस्तू आनली, आन ती हितंच इसरून गेला." साखरबाई गेल्यावर रेश्मा बारामतीला आली, कारखान्यात लागली, पोरीला शिकवलं, स्कूटी शिकली, कालव्याकडेला संध्याकाळी फिरायला जाऊ लागली. तरी तिच्या मनात एक कोपरा कायम अवघडलेला असे. एसटीत बसली तरी पाठ न टेकता बसे, पर्स मांडीवर घट्ट धरून, कधीही उतरावं लागेल अशी. आपण सुखात आहोत हे तिच्या ध्यानात यायचं, आणि लगेच वाटायचं, वाट बघणाऱ्या बाईनं इतकं सुखात असू नये. म्हणजे आपण वाट नीट बघत नाही की काय. या चोरटेपणाची तिला इतकी सवय झाली होती की तो चपलेतल्या खड्यासारखा न दुखता टोचत राहायचा. नांगर टाकलेला नाही, बांधलेलं नाही, रुतलेलं नाही. कॉलर उलटून बघता बघता तिनं स्वतःला एकेक विचारलं. उत्तरं येत होती, आणि एकही उत्तर तिला घाबरवणारं नव्हतं.

रविवारी सकाळी ती लासुर्ण्याला उतरली. तोडणीचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी निम्मा ऊस उभा, निम्मा गेलेला, आणि पाचटाच्या धुराचा गोडसर वास कपड्यांत शिरत होता. आक्काबाईंनी दारातच तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, नव्या नवरीसारखा, आणि तिला एकदम त्यांची कीव आली. सिद्धू आत खाटेवर बसला होता. तो उठला. केस पांढरे झाले होते, कंबर धरून उठावं लागत होतं, पण हसताना खालचा ओठ एका बाजूला जायचा तो तसाच. तिला भीती होती की त्याला बघून आत काहीतरी फुटेल. काही फुटलं नाही. जुन्या शाळेसमोरून जाताना वाटतं तसं वाटलं.

"बरी हायस?"

"बरी हाय. तुमी?"

"कंबर गेली. बाकी हाय."

चहा झाल्यावर त्यानं तिला मळ्यात नेलं. विहिरीच्या अंगाला दोन खोल्यांचा पाया भरला होता. आक्काबाई मागोमाग आल्या आणि बांधावर टेकल्या. सिद्धूनं पायावर उभं राहून हातानं दाखवलं, इकडं स्वयंपाकघर, तिकडं खिडकी. मग विटांकडं बघत म्हणाला, "तितलं समदं संपलं, रेश्मा. ती बाई तिच्या गावाला गेली, तिच्या मानसांत. मी काय खोटं सांगत न्हाय. मला वाटलं, आपलं म्हनावं असं हितं कोन हाय, तर तू हायस. तू थांबली असशील असं वाटलं."

"थांबले हुते," रेश्मा म्हणाली.

"व्हय की! समद्या गावाला ठावं हाय," आक्काबाई म्हणाल्या.

रेश्मा पायाच्या दगडावर बसली. दगड उन्हानं तापला होता आणि ती ऊब तिला आवडली. "तुमच्या बंदरात," तिनं विचारलं, "जहाजं लांब उबी ऱ्हायाची का?"

सिद्धूला हा प्रश्न अनपेक्षित होता, पण ज्याचं काम त्याला विचारलं की माणूस खुलतोच. "लई! क्रेनवर वर बसलं की समदी दिसायची. धक्का मोकळा व्हायची वाट बघत."

"नांगर टाकून?"

"काई नांगर टाकून. काई नुसतीच. धक्क्याकडं यायचंबी नसायचं त्यास्नी. मालकाचा निरोप येईस्तवर इंजिन बंद करून तरंगत ऱ्हायाची."

"मंग वरनं कळायचं का, कुठलं नांगराचं आन कुठलं मोकळं?"

"रातच्याला दिव्यांवरनं कळतं. दिवसा लांबनं न्हाय कळत. दोनी सारखीच दिसत्यात."

"मी त्यातली मोकळी," रेश्मा म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच इतका साधा वाटला की ती पुढं सहज बोलत गेली. "काठावरनं बघनाऱ्यास्नी वाटलं, नांगर टाकलाय. त्यास्नी काय बोल लावायचा, मलाबी तसंच वाटत हुतं. मी थांबले हुते, पर तुमच्यासाठी न्हवं. तुमच्यावर राग धरूनबी न्हवं. उबी हुते, एवढंच. आन उबं ऱ्हानं मला आवडतं."

सिद्धू तिच्याकडं बघत राहिला. बांधावरून आक्काबाई मात्र तडकल्या. "हे गं काय? मंग येवढी वर्सं केलंस काय?"

"ऱ्हायले, मावशी," रेश्मा म्हणाली. "चांगली ऱ्हायले."

 शेजारच्या फडात कोयत्यांचे आवाज येत होते. सिद्धूनं एक वीट उचलली, उगाच पुसली, जागेवर ठेवली. "येकदाबी न्हाय का वाटलं, मी यावं?" त्यानं खालच्या आवाजात विचारलं, आणि त्या विचारण्यात तक्रार नव्हती, नुसती उत्सुकता होती, म्हणून रेश्मानंही खरं उत्तर दिलं. "सुरवातीला लई वाटलं. सासूबाई आजारी पडल्या तवा तर रोज. दार वाजलं की वाटायचं. मंग येक दिस दार वाजलं आन मला वाटलं, दूधवाला आसंल. तवापास्नं दूधवालाच." सिद्धू हसला. ओठ एका बाजूला गेला. मग त्याचे डोळे भरले आणि ते त्यानं लपवले नाहीत. साखरबाई शेवटी काय बोलत होती ते त्यानं विचारलं, आणि रेश्मानं त्याला म्हातारीचे विनोद सांगितले, एकामागून एक. आक्काबाईही राग विसरून त्यात भर घालू लागल्या. तिघं त्या अर्धवट पायावर बसून मेलेल्या बाईसाठी हसली. उठताना रेश्मा म्हणाली, "संस्कृती मुंबईला परीक्षेला चाललीया. तिला फोन करा. तिचं आन तुमचं काय ते तुमी दोघं बघा, मी आड येनार न्हाय. आपलं कागदावरचं सावकाशीनं मोकळं करू." तो हो म्हणाला. खिडकी मात्र तिकडंच ठेवा, उजेड चांगला येईल, असं तिनं जाता जाता सांगितलं.

त्यानं तिला मोटरसायकलवरून जंक्शन गावच्या एसटी थांब्यावर सोडलं. गाडीवर ती त्याच्या मागं बसली, कडीला धरून, आणि दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही. भज्यांच्या गाड्यावर त्यानं तिला गरम भजी घेऊन दिली, पाण्याची बाटली दिली, आणि एसटी आली तेव्हा खिडकीपाशी येऊन म्हणाला, "नीट जा." त्याला आणखी काही बोलायचं होतं, पण कंडक्टरनं घंटी ओढली.

रेश्मानं बारामतीचं तिकीट काढलं, कागदातली भजी संपवली, बोटं रुमालाला पुसली. ऊन खिडकीतून मांडीवर पडलं होतं. एक पाणंद गेली, एक द्राक्षाची बाग गेली, कुणाच्या तरी दारात मांडव गेला. जाग आली तेव्हा कंडक्टर तिच्या खांद्याला हलकेच हलवत होता. "ताई, तिकीट कुठलं तुमचं? बारामती तर कवाच मागं पडली." तिला आधी कळेचना. बारामतीच्या स्टँडवर गाडी उभी राहिली होती, माणसं चढली-उतरली होती, शेंगा विकणारे ओरडून गेले होते, आणि ती काचेला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून झोपली होती. पर्स पायाशी घरंगळली होती. "पुन्याला न्ह्यायची का तुमाला?" कंडक्टर म्हणाला. पुढच्या सीटवरची बाई हसली, मग रेश्माही हसू लागली, आणि तिला ते आवरेना. मोरगावच्या अलीकडं एका फाट्यावर त्यानं तिला उतरवलं.

तिनं संस्कृतीला फोन केला.

"झोपलीस? तू? एसटीत?"

"व्हय गं."

"तिथलं काय झालं?"

"घरी आल्यावर सांगते. चांगलं झालं. पप्पा फोन करतील तुला, उचल. आन गाडी घिऊन ये, सावकाश ये, काई घाई न्हाय."

फाट्यावर लिंबाखाली एक म्हातारी पेरूची पाटी घेऊन बसली होती. रेश्मानं एक पिकला पेरू घेतला, म्हातारीनं तो कापून मीठ-तिखट लावून दिला, आणि तिच्याशेजारीच पोतं पसरून जागा केली. समोर ज्वारी हुरड्याला आली होती. पाखरं एकदम उठत आणि थोडं पुढं जाऊन पुन्हा उतरत. म्हातारीनं तिच्याकडं नीट बघून घेतलं, साडी, चप्पल, पर्स, आणि विचारलं, "कुठल्या म्हनायच्या तुमी?"

कुणी हे विचारलं की रेश्मा आजवर लासुर्ण्याची म्हणत आली होती, आणि माहेर शेळगाव. आत्ता तोंडात पेरू होता. तो तिनं सावकाश चावला, गिळला.

"बारामतीची," ती म्हणाली, आणि दुसरी फोड मागायला हात पुढं केला.